हैदराबादचे मास्तर आणि हंगेरीची सावली : सय्यद अब्दुल रहीम

१/
दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. निजाम, रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ ही नावे आपल्याला शाळेपासून पाठ असतात आणि ती असायलाच हवीत. पण हैदराबाद संस्थानाचा आपल्याकडे उरलेला वारसा एवढाच का? आजचा धागा त्या वारशातल्या एका विसरलेल्या माणसाविषयी आहे : फुटबॉलपटू, शाळामास्तर आणि पुढे भारताचे प्रशिक्षक झालेले सय्यद अब्दुल रहीम.

२/
‘मैदान’ चित्रपटामुळे २०२४ मध्ये रहीम यांचे नाव अनेकांच्या कानावर आले. त्यात ते हैदराबादचे म्हणून दिसतात. मात्र ज्या काळात ते घडले, त्या काळात नांदेड, परभणी, बीड, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे जिल्हेही हैदराबाद राज्यातच होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरच्या नांदेडसाठी राजधानीचे शहर हैदराबादच होते.

३/
रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा. शिक्षण उस्मानिया विद्यापीठात. हे विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात याच विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आपल्या भागातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न होती. एकाच संस्थेची ही दोन्ही रूपे इतिहासाने जपली पाहिजेत.

४/
रहीम तरुणपणी विद्यापीठाच्या संघातून खेळले, नंतर शाळेत शिक्षक झाले. हा पेशा त्यांच्या प्रशिक्षणातही उतरला. त्यांनी मुलांसाठी चमत्कारिक वाटणाऱ्या स्पर्धा भरवल्या : एकीत चेंडू पायाशी खेळवत पुढे नेण्यास मनाई, म्हणजे चेंडू मिळताच पास द्यायचा, दुसरीत आपल्या कमजोर पायानेच खेळायचे. खेळाडूची खोड व्याख्यानाने जात नाही, नियम बदलला की जाते, हे मास्तरांना ठाऊक होते.

५/
१९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संस्थान गेले, पण फुटबॉल बहरला. रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने मुंबईची रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. कूपरेज मैदानावर येऊन कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांची मक्तेदारी मोडणारा हा संघ होता.

६/
राष्ट्रीय संघाची धुराही रहीम यांच्याकडे आली. १९५१ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. बहुतेक भारतीय खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले.

७/
बूट हा प्रश्नाचा अर्धाच भाग होता. भारत तेव्हा इंग्रजांकडून मिळालेली जुनी रचना खेळत असे : मागे दोन बचावपटू, मध्ये तीन, पुढे पाच. त्याच हेलसिंकीत युगोस्लाव्हियाला अंतिम सामन्यात २-० असे नमवून सुवर्णपदक नेले हंगेरीने. आपल्याला दहा गोल मारणाऱ्यांना हरवणारा हा संघ नेमके काय वेगळे करत होता?

८/
हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेश हेही खेळाडूचे प्रशिक्षक झालेले. खेळाडू म्हणून देशासाठी ते एकच सामना खेळले होते. त्यांच्या संघात नांदोर हिदेगकुटी नऊ क्रमांकाचा शर्ट घाली, पण मधल्या आघाडीपटूच्या नेहमीच्या जागी थांबत नसे; तो मागे मध्यरक्षकांत सरके. प्रतिस्पर्धी बचावपटूपुढे पेच पडे : त्याच्यामागे जावे तर पाठीमागे भगदाड, न जावे तर तो मोकळा.

९/
२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बलीवर इंग्लंडला या पेचाचे उत्तर सापडले नाही. हंगेरी ६, इंग्लंड ३. त्यांतले तीन गोल हिदेगकुटीचे. ज्यांनी जगाला फुटबॉल शिकवला, त्यांनाच त्यांच्या अंगणात धडा मिळाला. इंग्रजांची रचना हीच फुटबॉलची रचना, ही समजूत त्या दिवशी कोसळली.

१०/
रहीम यांनी हा धडा भारतीय संघात रुजवला. तिसरा बचावपटू, मागे सरकून खेळ रचणारा आघाडीपटू आणि झटपट छोटे पास. भारतीय खेळाडू शरीराने आडदांड नव्हते. त्यांच्यासाठी चेंडूच पळवणे शहाणपणाचे होते. हैदराबादच्या गल्लीतल्या त्या पास-स्पर्धांची उपयुक्तता आता दिसू लागली.

११/
आता १९५६ चा नोव्हेंबर पाहा. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली : हैदराबाद राज्य नकाशावरून नाहीसे झाले आणि मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. ४ नोव्हेंबरला हंगेरीचा उठाव चिरडण्यासाठी सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. मेलबर्न ऑलिंपिकच्या पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशीच होती. हंगेरीने फुटबॉलमधून माघार घेतली आणि भारताला पुढे चाल मिळाली.

१२/
केवळ या चालीवर भारत पुढे गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ असे हरवले. मूळ गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे नेविल डिसोझा यांनी तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये अशी हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई. संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबादचे खेळाडू होते. भारत अखेर चौथा आला.

१३/
बुडापेस्टमधील उलथापालथीमुळे पुश्काश, कोचिश, झिबोर हे तारे मायदेशी परतलेच नाहीत. आणखी एक माजी खेळाडू, बेला गुटमन, होनवेद क्लबसोबत ब्राझीलला गेले, साओ पावलोचे प्रशिक्षक झाले आणि १९५७ मध्ये तिथली राज्य स्पर्धा जिंकले. पुढे बेन्फिकाला त्यांनी १९६१ व १९६२ चे युरोपियन चषक मिळवून दिले. हंगेरीचा संघ फुटला, पण त्याची विद्या जगभर पसरली.

१४/
म्हणूनच ‘रहीम यांनी ब्राझीलच्या आधी ४-२-४ शोधली’ हा समाजमाध्यमांवर फिरणारा दावा थोडा तपासून घ्यावा. ब्राझील आणि भारत, दोघांच्याही विचारामागे हंगेरी उभी आहे. रहीम यांचे मोठेपण पहिला क्रमांक लावण्यात शोधू नये. परकी युक्ती आपल्या खेळाडूंच्या अंगकाठीला बेतून शिवण्यात ते आहे.

१५/
हंगेरीशी खरी गाठ पडली १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये. हंगेरी २, भारत १. हंगेरीचा एक गोल फ्लोरियान अल्बर्टचा, जो पुढे १९६७ मध्ये युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला. भारताचा गोल सिकंदराबादजवळच्या गरीब घरातून आलेल्या बलराम यांचा. हंगेरी त्या स्पर्धेत कांस्यपदक घेऊन गेली. आठ वर्षांपूर्वी दहा गोल खाणारा संघ आता युरोपातील अव्वल संघाशी एका गोलाच्या अंतराने हरत होता.

१६/
शेवटचा अध्याय १९६२, जकार्ता. रहीम यांना कर्करोगाने ग्रासले होते. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. त्यावर भारतीय पदाधिकारी सोंधी यांनी घेतलेल्या आक्षेपामुळे तिथे भारतविरोधी निदर्शने झाली. ४ सप्टेंबरला खचाखच भरलेले मैदान विरोधात असताना भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले. गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. डोक्याला टाके पडलेल्या या बचावपटूला रहीम यांनी चक्क आघाडीला खेळवले होते.

१७/
११ जून १९६३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, रहीम गेले. १९७० मध्ये हैदराबादचेच सय्यद नईमुद्दीन यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्यानंतर या स्पर्धेत भारताला फुटबॉलचे एकही पदक नाही. हंगेरीची विद्या अनेक गुरूंच्या पायांनी चालली. आपली बव्हंशी एका माणसाच्या खांद्यावर उभी होती.

१८/
एक गंमत : हैदराबाद राज्य संपल्यावरही ‘हैदराबाद’ याच नावाच्या संघाने १९५६-५७ आणि १९५७-५८ ची संतोष ट्रॉफी जिंकली. नकाशावरून नाव गेले, मैदानावर काही काळ राहिले. मग भाषावार प्रांतांबरोबर आठवणीही वाटल्या गेल्या. रहीम तेलंगणाच्या वाट्याला गेले आणि आपल्याकडे संस्थानाची फक्त जुलमाची पाने राहिली.

१९/
ती पाने खरी आहेत. त्यांतले एक अक्षरही पुसता कामा नये. पण १९४८ पर्यंत संस्थानाचे आणि पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचे जे काही घडले, त्यात मराठवाड्याचाही हिस्सा आहे. नांदेड-लातूरच्या मुलाने रहीम यांना ‘आपल्या जुन्या राज्यातले मास्तर’ म्हणावे. त्यात मुक्तिसंग्रामाचा अवमान नाही. आपल्याच इतिहासाचा राहून गेलेला भाग परत घेणे आहे.