भीमाकांठचीं झाडें

महाराष्ट्रांतील वडगांव, पिंपळगांव या नांवांप्रमाणेंच इंदापूर तालुक्यांतील पळसदेव या नांवांतही एक झाड वस्तीला आहे. हें गांव ज्या भीमेच्या कांठीं वसलें, त्या कांठाचा इतिहास बखरींत सांपडत नाहीं. तो तेथील वनस्पतींच्या पालटांत वाचावा लागतो.

भीमाशंकराच्या डोंगरांत उगम पावलेली भीमा पावसाळ्यांत दुथडी भरून वाहावी आणि उन्हाळ्यांत वाळूंतील क्षीण धारेवर यावी, असा तिचा पूर्वापार क्रम. या दोन टोकांशीं जुळवून घेणाऱ्या वनस्पतीच दख्खनच्या नद्यांत टिकल्या. खडकांच्या फटींत चिवट मुळें रोवणारी शेरणी पुराखालीं आडवी होते व पूर ओसरतांच पुन्हा उभी राहते. दरडीवरील वाळुंज, करंज आणि उंबर माती धरून ठेवतात. ओलसर जागीं लव्हाळा, वाळा व पाणकणीस वाढतात. तुकोबांनीं नम्रतेसाठीं लव्हाळ्याचा दृष्टान्त दिला. ते ज्या इंद्रायणीकांठीं राहिले, ती तुळापुरास भीमेलाच मिळते. वाळ्याच्या मुळ्या पिण्याच्या माठांत, करंजाचें तेल दिव्यांत, असा या वनस्पतींचा संसाराशींही संबंध होता.

उजनी येथील धरण १९८० सालीं पुरें झालें आणि भीमेचा यशवंतसागर बनला. कोरडवाहू मुलुखास पाणी मिळालें, मासेमारी वाढली, भिगवणच्या उथळ पाण्यांत रोहित पक्ष्यांचे थवे उतरूं लागले. त्याच पाण्याखालीं जुनें पळसदेव गेलें व गांव नव्या जागीं वसलें. पाणी फार उतरलें म्हणजे पळसनाथाचें प्राचीन देवालय वर येतें आणि तें पाहावयास लोकांची रीघ लागते. देवालय पुन्हा दिसतें. बुडालेल्या कांठावरील झाडें मात्र परत आलीं नाहींत.

याचें कारण पाण्याच्या बदललेल्या चालींत आहे. नदीचा पूर चार-दोन दिवसांत ओसरतो. जलाशय भरला म्हणजे मात्र कांठ महिनोन्‌महिने पाण्यांत राहतो, आणि उन्हाळ्यांत पाणी दूर सरलें कीं त्याच जागीं भेगाळलेला गाळ उरतो. वाहत्या पाण्यास सरावलेल्या मुळांना हें मानवत नाहीं.

रिकाम्या जागेवर परदेशी पाहुणे आले. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील. जांभळ्या फुलांच्या शोभेसाठीं तिला देशोदेशीं नेण्यांत आलें व एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्यें पोहोंचली. तेथें तिनें भातशेतें व जलमार्ग इतके अडविले कीं, १९३६ सालीं तिच्याकरितां स्वतंत्र कायदा करावा लागला. फुगीर देठांतील हवेमुळें ती तरंगते. पाणी चढो वा उतरो, तिचें कांहीं अडत नाहीं. अनुकूल पाण्यांत तिचा पसारा पंधरवड्यांत दुप्पट होऊं शकतो. अमेरिकेंतूनच आलेली बेशरम गाळांत फांदी पडली तरी रुजते, आणि गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत.

जलपर्णीचें खाद्य कोठून येतें, हा प्रश्न शहरवासीयांनीं स्वतःस विचारण्याजोगा आहे. मुळा-मुठेचें पाणी रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळतें. पुणें व पिंपरी-चिंचवड येथील स्वयंपाकघरांतून व न्हाणीघरांतून निघालेल्या सांडपाण्याचा जो भाग शुद्ध न होतां नदींत पडतो, त्यांतील नत्र व स्फुरद अखेर पळसदेवासमोरच्या पाण्यांत येऊन सांचतें. जलपर्णी कितीही उपसली, तरी हें खाद्य व गाळांतील तिचें बीं कायम असेपर्यंत ती पुन्हा पसरते. तिचें निर्मूलन उजनीवर नव्हे, तर पुण्याच्या संगमावर सुरू झालें पाहिजे.

जलाशयास मिळणाऱ्या लहान ओढ्यांच्या दरडीवर करंज, उंबर, वाळुंज लावतां येतात व वाळा रुजवितां येतो. पळसाचें नांव वागविणाऱ्या गांवाच्या शिवारांत निदान एवढी वनराजी पुन्हा उभी राहावी.