तळटीप १७ : नर्मदेचा हत्ती

१७. मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद) परिसरातील तापी-पूर्णेच्या गाळथरांविषयी लिहिताना ग्रंथकाराने ज्या ‘नर्मदेच्या हत्ती’चा दाखला दिला आहे, तो नामशेष झालेला महाकाय हत्ती असून फाल्कनर व कॉटली यांनी १८४६ मध्ये नर्मदा खोऱ्यातील जीवाश्मांवरून त्याला ‘एलिफस नमॅडिकस’ हे नाव दिले. महाराष्ट्रात गोदावरीच्या गाळातून त्याची नोंद पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये केली. कवटीच्या माथ्यावरून कपाळावर झुकलेला हाडाचा जाड कंगोरा ही त्याची ठळक खूण होय. लिनियसने १७५८ मध्ये नामकरण केलेला आजचा आशियाई हत्ती (एलिफस मॅक्सिमस) आणि हा हत्ती पूर्वी एकाच प्रजातीत, म्हणजे निकटच्या जातींच्या एकाच गटात, धरले जात. आता मात्र तो ‘पॅलिओलॉक्सोडॉन’ या स्वतंत्र प्रजातीत घातला जातो. या प्रजातीतील युरोपीय हत्तीच्या प्राचीन डीएनएवरून २०१७ मध्ये तिचे नाते आफ्रिकी हत्तींशी अधिक जवळचे असल्याचे दिसले, तर आशियाई हत्तीचा जवळचा आप्त मॅमथ ठरतो. सबब मजकुरातील हत्ती आजच्या हत्तीचा पूर्वज समजू नये; तो मान सामान्यतः शिवालिक टेकड्यांतील ‘एलिफस हायसुड्रिकस’ या जातीला दिला जातो.