चव्वेचाळिसाव्या वर्षीही गोल राखणारी

आज आम्ही तुम्हाला नॉर्वे देशातल्या एका बाईची गोष्ट सांगणार आहोत. तिचं नाव कात्रीने लुन्दे. काम हँडबॉलमध्ये गोल राखण्याचं.

हँडबॉल आपल्याकडच्या काही शाळांतही खेळतात. एका बाजूला सात जणी, त्यातली एक गोलरक्षक. गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. समोरची खेळाडू जेमतेम सहा मीटरवरून, कधी उडी मारून त्याहून जवळून, जोरात चेंडू फेकते. गोलरक्षकाच्या हातात मोजेसुद्धा नसतात. चेंडू अंगावर घ्यायचा, हातानं, पायानं, छातीनं अडवायचा. दहातले तीन-चार अडवले तरी ती उत्तम गोलरक्षक समजली जाते. म्हणजे बाकीचे गोल पोटात घालून पुढच्या चेंडूसाठी लगेच सावध व्हायचं.

या खेळात बायकांना जागा उशिरा मिळाली. पुरुषांचा हँडबॉल ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आला 1936 साली, बायकांचा आला 1976 साली. मधे चाळीस वर्षं गेली. नॉर्वेच्या मुलींनी मात्र मिळालेल्या संधीचं सोनं केलं. 1994 पासून त्यांच्या राष्ट्रीय संघाची प्रशिक्षक एक बाईच होती, मारित ब्राइविक. त्या स्वतः जुन्या खेळाडू. 1999 साली त्यांच्या संघानं जग जिंकलं.

कात्रीने यांचा जन्म 1980 चा, समुद्रकाठच्या क्रिस्टियानसान गावातला. जुळ्या बहिणी, दोघीही हँडबॉलपटू. 2008 साली बीजिंगला नॉर्वेनं अंतिम सामन्यात रशियाला हरवलं, तेव्हा दोघी एकाच संघात होत्या. 2012 साली लंडनला पुन्हा सुवर्ण.

खेळ हाच त्यांचा रोजगार. जिथे काम, तिथे बिऱ्हाड. डेन्मार्कमध्ये विबोर्ग, हंगेरीत ग्योर, मग रशियात रोस्तोव. युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे चॅम्पियन्स लीग. ती त्यांनी विबोर्गकडून दोनदा आणि ग्योरकडून दोनदा जिंकली.

2015 साली त्या आई झाल्या. वय पस्तीस. अशा वेळी आपल्याकडे काय म्हणतात, ते तुम्हाला ठाऊकच आहे. "आता पुरे, लेकराकडे बघ." कात्रीने पुन्हा गोलात उभ्या राहिल्या. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघाला कांस्यपदक मिळालं. 2017 साली त्या आपल्या गावच्या वायपर्स क्लबमध्ये परतल्या आणि 2021, 2022, 2023 अशी सलग तीन वर्षं चॅम्पियन्स लीग जिंकली. चाळिशीनंतरची ही कमाई!

टोकियोला आणखी एक कांस्य. मग 2024, पॅरिस ऑलिंपिक. अंतिम सामना यजमान फ्रान्सशी, प्रेक्षागार फ्रान्सच्या बाजूनं दणाणत होतं. नॉर्वेनं 29-21 असा सामना जिंकला. कात्रीने तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. ऑलिंपिकची पाच पदकं, त्यात तीन सुवर्ण.

एवढं यश असूनही पोटापाण्याची खात्री मात्र नव्हती. 2025 च्या सुरुवातीला तोच वायपर्स क्लब दिवाळखोरीत गेला. युरोप तीनदा जिंकलेल्या संघाची तिजोरी रिकामी झाली. कात्रीने यांना पुन्हा परक्या गावी काम शोधावं लागलं. बाईचं कौतुक होतं, टाळ्या मिळतात, पण तिच्या कामामागे पैसा नीट उभा राहतोच असं नाही. बचत गटातल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आम्हाला या इतिहासातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कात्रीने एकट्या टिकल्या नाहीत. त्यांच्या देशात मुलींना मैदान होतं, बाई प्रशिक्षक होती, बाळंतपणानंतर परत यायला संघात जागा होती. आपल्या गावच्या शाळेचं मैदान संध्याकाळी कोणाच्या ताब्यात असतं? पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर घ्या.