दोष प्रोसेसरचा, ठपका ग्राफिक्स कार्डावर

संगणकावरील खेळ सुरू होता होताच बंद पडतो आणि पडद्यावर व्हिडिओ मेमरी संपल्याची सूचना येते, अशा तक्रारी २०२३ व २०२४ मध्ये जगभरातून येत होत्या. त्यांतील बहुतेक खेळ ‘अनरियल इंजिन’वर आधारित होते. ग्राफिक्स कार्डावर मेमरी भरपूर शिल्लक असूनही सूचना तीच असल्याने संशय साहजिकच कार्डावर, त्याच्या ड्रायव्हरवर आणि खेळाच्या निर्मात्यांवर गेला. प्रत्यक्षात दोष इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये होता.

संशय चुकीच्या जागी जाण्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. खेळातील चित्रे आणि इतर सामग्री जागा वाचविण्यासाठी आकुंचित स्वरूपात साठविलेली असते. खेळ सुरू होताना प्रोसेसर ती उलगडतो. हे काम करणारी ‘ऊडल’ ही सॉफ्टवेअर प्रणाली उलगडलेली माहिती शाबूत आहे की नाही, याचीही तपासणी करते. प्रोसेसरने हिशेबात एखादी चूक केली की या तपासणीत ती उघडी पडते आणि खेळ थांबतो. इतर अनेक कार्यक्रम अशी तपासणी करीत नाहीत. त्यांच्यात तीच चूक निमूटपणे पुढे सरकते. चोख पहारा ठेवणाऱ्यावरच चोरीचा आळ यावा, असा हा प्रकार होता. दोष आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नसल्याचे ऊडलच्या निर्मात्यांना जाहीरपणे सांगावे लागले. प्रोसेसरचा वेग थोडा कमी केल्यास बिघाड थांबतो, हे त्यांनी सुचविलेल्या उपायातून दिसले आणि तोच निदानाचा महत्त्वाचा धागा ठरला.

प्रोसेसरमधील माइक्रोकोड वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेजची मागणी करीत असल्याचे इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केले. ऑगस्टमध्ये सुधारित माइक्रोकोड आला, हमीची मुदतही दोन वर्षांनी वाढविण्यात आली. मात्र ज्या प्रोसेसरांची आधीच झीज झाली होती, ते या सुधारणेने पूर्ववत होणार नव्हते. त्यांना बदलण्यावाचून गत्यंतर नव्हते.

असा अनुभव नवा नव्हे. मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २००५ मध्ये अशीच हकिगत नोंदविली आहे. विंडोज बंद पडल्याच्या काही अहवालांत बिघाड अशा आज्ञेपाशी दाखविला होता, की जी केवळ प्रोसेसरमधील एक रजिस्टर शून्य करते. ती मेमरीला स्पर्शही करीत नाही, त्यामुळे ती अयशस्वी होणे तर्काला धरून नव्हते. चौकशीअंती हे संगणक ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वेगाने चालविले जात असल्याचे उघड झाले. काही ग्राहकांना तर याची कल्पनाच नव्हती. विक्रेत्यानेच वेग वाढवून संगणक विकले होते.

निदानाचा आधार येथेच सापडतो. सॉफ्टवेअरमधील चूक बहुधा तीच कृती केल्यावर त्याच ठिकाणी प्रकटते आणि इतरांच्या संगणकांवरही आढळते. हार्डवेअरचा दोष मात्र भटका असतो: आज ब्राउझर, उद्या छपाई, परवा प्रणालीची निळी पाटी, दर वेळी संदेश निराळा. अशा वेळी विंडोज पुन्हा बसविण्याची घाई करणे व्यर्थच नव्हे, तर धोक्याचेही आहे. सदोष मेमरीतून गेलेली फाइल डिस्कवर बिघडलेल्या रूपातच लिहिली जाते आणि पुढे तिचीच प्रत राखीव साठ्यात जाते. म्हणून जुन्या राखीव प्रतींवर नवी प्रत चढविण्यापूर्वी थांबणे इष्ट.

पहिले काम म्हणजे प्रोसेसर व मेमरीचा वाढविलेला वेग मूळ पातळीवर आणणे. मेमरीसाठी बायोसमध्ये निवडलेले वेगवान प्रोफाइलही यात मोडते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये हार्डवेअरविषयक नोंदी पाहाव्यात. ‘मेमटेस्ट८६+’ हा कार्यक्रम पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालतो. तो रात्रभर चालू ठेवावा. एकही त्रुटी आढळली तर ती गंभीर मानावी, परंतु त्रुटी न आढळणे हा निर्दोषत्वाचा पुरावा नव्हे. मग मेमरीच्या पट्ट्या एकेक करून काढून पाहाव्यात, शक्य असल्यास पॉवर सप्लाय बदलून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा. दोन केल्यास गुण कशाचा आला ते कळत नाही.

हे दोष वाटतात तितके विरळ नाहीत. गुगलच्या सर्व्हरवरील, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांमध्ये त्रुटी आढळल्या होत्या. सर्व्हरमधील मेमरी अशा बहुतेक त्रुटी स्वतः दुरुस्त करते. घरगुती संगणकांत ही सोय सहसा नसते. नव्या डीडीआर५ मेमरीत चिपच्या आत दुरुस्तीची व्यवस्था आहे, परंतु चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर घडलेली चूक तिच्या कक्षेत येत नाही.