काळा चष्मा : डोळ्यांचा आणि चेहऱ्याचा

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाताना पारनेर तालुक्यात सुपा लागते. पर्जन्यछायेतला हा भाग. झाडी विरळ, जवळच्या पठारावर पवनचक्क्या, आणि चैत्र-वैशाखात डोळे किलकिले केल्यावाचून समोर पाहवत नाही असे ऊन. अशा गावचे नाव घेऊन काळ्या चष्म्याचा इतिहास सांगू लागलो, तर तुम्हांला गंमत वाटेल. पण जरा विचार करून पाहा. ज्याला दिवसभर उन्हात राबायचे, त्या शेतकऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल क्वचितच दिसतो. त्याने घातलाच, तर "काय पाव्हणं, शिनेमात निघाला काय?" अशी थट्टा व्हायची. खेड्यातल्या जुन्या माणसांच्या मनात काळा चष्मा म्हणजे एक तर शहरी नखरा, नाही तर मोतीबिंदूचे ऑपरेशन करून आलेले आजोबा! मधल्या कुणाचा तो नव्हेच. असे का झाले, ते पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ.

चष्मा युरोपात निघाला तेराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीत. आपल्याकडे तो केव्हा आला, याचा शोध पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर प. कृ. गोडे यांनी घेतला. विजयनगरच्या राजदरबारी मान असलेले व्यासराय हे वृद्धपणी चष्म्यातून पोथी वाचीत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या संस्कृत चरित्रग्रंथात आहे, तो त्यांनी पुढे मांडला. म्हणजे सोळाव्या शतकात चष्मा दक्षिणेत पोचला होता. आपले शब्दही बोलके आहेत. चाळशी हा शब्द चाळीस या वयावरून, चष्मा हा फारसीतल्या 'चश्म' म्हणजे डोळ्यावरून. दोन्हींचा संबंध दिसण्याशी, उन्हाशी नाही.

उन्हाचा चष्मा पहिल्यांदा केला तो काच माहीत नसलेल्या माणसांनी. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांना बर्फावरून उसळणाऱ्या प्रकाशाने तात्पुरते अंधत्व येई. त्यांनी हाडाची, लाकडाची पट्टी घेतली, तिला बारीक फट पाडली आणि ती डोळ्यांवर बांधली. १७५२ च्या सुमारास लंडनच्या जेम्स आयस्कॉफ याने हिरव्या-निळ्या काचांचा पुरस्कार केला. पण तोही उन्हासाठी नव्हे, पांढऱ्या काचेने डोळे दिपतात अशी त्याची समजूत होती म्हणून.

खरे शास्त्र आले ते कामगारांच्या निमित्ताने. काचेच्या भट्टीपुढे उभे राहणाऱ्यांना लवकर मोतीबिंदू होई. विल्यम क्रुक्स या इंग्रज शास्त्रज्ञाने काचेत निरनिराळी द्रव्ये मिसळून शेकडो नमुने तपासले आणि १९१३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. डोळ्यांना दिसत नाहीत असे किरण अडवणारी काच बनवता येते, हे त्याने दाखवले. 'क्रुक्सची काच' हे नाव आपल्याकडील चष्मेवाल्यांच्याही तोंडी बसले होते. ध्यानात घ्या, किरणे रोखणारी ही काच श्रीमंतांच्या हौसेसाठी नाही, घाम गाळणाऱ्यांसाठी निघाली.

हौस नंतर आली. १९२९ मध्ये सॅम फॉस्टरने अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर सेल्युलॉइडचे स्वस्त गॉगल विकायला काढले. १९३७ मध्ये बॉश अँड लोम्बचा वैमानिकी घाटाचा चष्मा 'रे-बॅन' नावाने बाजारात आला. त्याच्या काचा खाली थेंबासारख्या ओघळतात, त्या दिमाखासाठी नव्हे. वैमानिकाला वारंवार खाली उपकरणांकडे पाहावे लागते, म्हणून. याच सुमारास न्यूयॉर्कच्या अल्टिना शिनासी या बाईंना दुकानातल्या बायकांच्या चौकटी फार रुक्ष वाटल्या. त्यांनी मुखवट्यांवरून सुचलेली, कडा वर उचललेली चौकट काढली. १९३९ मध्ये तिला पारितोषिक मिळाले. चष्मा चेहऱ्याला शोभावा हा विचार तेव्हा बाजारात चांगलाच रुजला.

आता तुमच्या चेहऱ्याकडे वळू. ढोबळ नियम एवढाच, की चौकटीचा आकार चेहऱ्याच्या उलट असावा. चेहरा गोल असेल तर कोनदार चौकट घ्या. जबडा चौकोनी असेल तर गोलसर. चेहरा लांबट असेल तर काच उभीत मोठी. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर वरची कड जड नको. लंबगोल चेहऱ्याला बहुतेक सारे शोभते. चौकट चेहऱ्याच्या रुंदीएवढी असावी, नाकावरून घसरू नये आणि हसताना गालांना टेकू नये.

पण याआधी काच! काळेपणा म्हणजे संरक्षण नव्हे. गडद काचेआड डोळ्यातली बाहुली मोठी होते. त्या काचेने अतिनील किरण अडवले नाहीत, तर ते मोठ्या दारातून आत शिरतात. वर्षानुवर्षे असे किरण डोळ्यांत गेले, की मोतीबिंदूचा आणि डोळ्यात मांस वाढण्याचा धोका वाढतो. म्हणून 'यूव्ही ४००' असलेला चष्मा विश्वासू दुकानातून घ्यावा. नुसत्या चिठ्ठीवर भिस्त ठेवू नये. फार गडद काच घालून गाडी हाकू नये. आणि सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डिंग करणाऱ्या बंधूंनी आपल्या खास काचेऐवजी उन्हाचा गॉगल कधीही वापरू नये.

मग चेहऱ्याचा विचार फुकाचा का? मुळीच नाही. जो चष्मा शोभत नाही तो खुंटीला राहतो, आणि खुंटीवरची काच कुणाचे डोळे राखीत नाही. आरशात पाहून गॉगल निवडणाऱ्या पोराला हसू नका. काच पारखून झाली असेल, तर खुशाल आरसा त्याच्या हाती द्या. आणि घरातले आजोबा उन्हात रानात निघाले असतील, तर ऑपरेशनची वाट न पाहता त्यांच्यासाठीही एक आणा. त्यांच्या चेहऱ्याला शोभेल असा.