बिबवेवाडीच्या फ्लॅटमध्ये ट्यूब ॲम्प: कमी बजेटमध्ये कोणता घ्यावा, किती वॅटचा घ्यावा

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या बहुतेकांचा पहिला ॲम्प ट्रान्झिस्टरचा असतो. स्ट्रेंजरचा छोटा क्यूब, नाहीतर एखाद्या सिनियरकडून घेतलेला जुना. वर्ष-दोन वर्षं वाजवलं की यूट्यूबवर कुणीतरी 'खरा टोन ट्यूबचाच' असं ऐकवतं आणि डोक्यात किडा शिरतो. मग शोध सुरू होतो, स्वस्तातला ट्यूब ॲम्प कोणता? हा प्रश्न तुम्ही बिबवेवाडीत बसून विचारत असाल तर त्याच्याआधी एक प्रश्न आहे: तुमच्या भिंतीपलीकडे कोण राहतं?

हा विनोद नाही. ट्यूब ॲम्पचा जो आवाज लोकांना आवडतो, तो ॲम्पला जरा ताणल्यावर येतो. सोसायटीतला दोन बीएचके असो किंवा अप्पर इंदिरानगरला व्हीआयटीजवळ तिघांत घेतलेली रूम, तिथे मोठा ॲम्प कायम १ वरच राहणार. म्हणजे ट्यूबचे पैसे भरायचे आणि ट्यूबचा आवाज मात्र ऐकायचा नाही. त्यामुळे आपल्यासारख्यांनी लहान ॲम्प घेणं ही तडजोड नाही, तोच योग्य ॲम्प आहे.

ट्यूब म्हणजे काय

इथे ट्यूब म्हणजे ट्यूबलाइट नव्हे. आपल्याकडची जुनी माणसं याला व्हॉल्व्ह म्हणतात. आजोबांच्या घरी मर्फीचा किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर त्यांना विचारा, बटण फिरवल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागायचा. काचेच्या आतली तार तापेपर्यंत काही होत नाही, म्हणून. तार तापली की तिच्याजवळच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात. मध्ये एक जाळी असते, तिला ग्रिड म्हणतात. गिटारचा बारीकसा सिग्नल या ग्रिडवर देतात, आणि त्याच्या चढ-उताराप्रमाणे प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह कमी-जास्त होतो. झालं, सिग्नल मोठा झाला. ही तीन भागांची ट्यूब अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये केली. १९६० च्या दशकात आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्येही रेडिओचे व्हॉल्व्ह बनत होते.

सिग्नल ट्यूबच्या कुवतीबाहेर गेला की ट्यूब तो हळूहळू दाबत नेते. साधं ट्रान्झिस्टर सर्किट सुरीने कापल्यासारखा सपाट कापतं. कानाला जो 'उबदार' फरक वाटतो तो मुख्यतः यातून येतो. (आजचे डिजिटल ॲम्प याची नक्कल फार छान करतात, पण त्याबद्दल पुढे.)

गिटार ॲम्पमध्ये दोन ठिकाणी ट्यूब असतात. पहिल्या प्रीॲम्पच्या, बहुतेक वेळा १२एएक्स७. हिचंच युरोपातलं नाव ईसीसी८३. दुसऱ्या पॉवर ट्यूब, ज्या स्पीकर हलवतात. व्हॉक्समध्ये ईएल८४, फेंडरमध्ये ६व्ही६ किंवा ६एल६, मोठ्या मार्शलमध्ये ईएल३४, ही ढोबळ ओळख. प्रीॲम्पचं डिस्टॉर्शन कमी आवाजातही मिळतं, कारण मास्टर व्हॉल्यूम खाली ठेवता येतो. पॉवर ट्यूबचं डिस्टॉर्शन हवं असेल तर मास्टर वर न्यावाच लागतो.

वॅटचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या दहापट मोठा वाजत नाही. वॅट दहापट झाले की आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, बस्स.

आता उलट बाजूने बघा. गिटारचा १२ इंची स्पीकर फार कार्यक्षम असतो. सेलेस्टियनच्या ग्रीनबॅक स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ९८ डेसिबल आहे, म्हणजे फक्त १ वॅट दिला तर एक मीटरवर ९८ डेसिबल. ५ वॅटला सुमारे १०५, १५ वॅटला जवळपास ११०. आणि ०.१ वॅट? ८८. घरातला मिक्सर चालू केल्यावर ओट्याजवळ जो आवाज होतो, त्याच्या आसपास. म्हणजे वॅटच्या दहाव्या हिश्श्यातसुद्धा तुमची आई बाहेरून ओरडेल, 'अरे, कमी कर जरा!'

कायद्याचा आकडाही माहीत असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हे आकडे परिसरातल्या आवाजाचे आहेत, तुमच्या स्पीकरसमोरचे नाहीत, भिंत बराच आवाज अडवते. पण खिडकी आणि दार अडवत नाही, आणि जमिनीवर ठेवलेल्या ॲम्पचा बास थेट खालच्या फ्लॅटच्या छताला जाऊन धडकतो. ॲम्प खुर्चीवर किंवा जाड फोमवर ठेवला तरी बरंच काम होतं. दहा दिवस ढोल-ताशा आनंदाने ऐकणारे शेजारी तुमचा एकच रिफ दहा मिनिटं ऐकणार नाहीत, हे मात्र गृहीत धरा.

फोनवर डेसिबल मोजणारं ॲप घेऊन शेजारच्या खोलीत आणि जिन्यात मोजून बघा. फोनचा माइक अचूक नसतो, म्हणून आकडा खरा मानू नका. पण 'मास्टर २ वर इतका, ४ वर इतका' ही तुलना उपयोगी पडते.

मग कोणते बघायचे

घरासाठी १ ते ५ वॅट, आणि त्यातही पॉवर कमी करायचं बटण असलेले. किमती डॉलरप्रमाणे आणि स्टॉकप्रमाणे हलतात, म्हणून इथे आकडे देत नाही. फुर्ताडोस, बजाओ अशा दुकानांच्या साइटवर आजचा भाव बघा.

बुगेरा व्ही५ हा अशा यादीत नेहमी येतो आणि योग्य कारणासाठी येतो. एकच ईएल८४ पॉवर ट्यूब, ८ इंची स्पीकर, आणि मागे ५, १ आणि ०.१ वॅट असं स्विच. हेडफोनही लागतो. क्लीन आणि ब्लूज वाजवणाऱ्याला पुरे. मेटल वाजवायचं असेल तर समोर पेडल लागेलच.

जास्त गेन हवा असेल तर मार्शलची डीएसएल मालिका बघा. डीएसएल१ मध्ये १ आणि ०.१ वॅट, डीएसएल५ मध्ये ५ आणि ०.५ वॅट. दोन चॅनल मिळतात, क्लीन आणि डिस्टॉर्शन दोन्ही. ब्लॅकस्टारचे एचटी-१ आणि एचटी-५ याच वर्गातले. एक बारीक गोष्ट दुकानदार सांगत नाही: डीएसएल५ आणि एचटी-५ यांची पॉवर ट्यूब १२बीएच७ आहे, ती ईएल८४ इतकी सहज मिळत नाही. घेताना एक जास्तीची मागवून ठेवलेली बरी.

८ इंची स्पीकरचा आवाज थोडा डबीसारखा येतो, हे खरं आहे. पण मागे एक्सटेन्शन स्पीकरचं सॉकेट असेल तर पुढे १२ इंची कॅबिनेट जोडता येतं. मी तरी स्पीकरच्या आकारासाठी जास्त वॅटचा ॲम्प घेणार नाही.

फेंडर ब्लूज ज्युनियर आणि व्हॉक्स एसी१५ ही दोन नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. दोन्ही १५ वॅटचे, दोन्ही सुंदर, दोन्ही फ्लॅटसाठी चुकीचे. बँड असेल, ड्रमरबरोबर वाजवायचं असेल तर यांच्यापासूनच सुरुवात करा. फक्त ब्लूज ज्युनियर सुमारे १४ किलोचा आहे. ॲक्टिव्हाच्या पायाशी ठेवून सातारा रोडच्या ट्रॅफिकमधून जॅमरूमला न्यायचा आहे, हे लक्षात असू द्या.

हायब्रिडची भानगड

वेबसाइटवर 'ट्यूब' शोधलं की काही फार स्वस्त, हातात मावणारे ॲम्प दिसतात. ऑरेंज मायक्रो टेरर, जोयो बँटॲम्प वगैरे. यांत प्रीॲम्पला एक ट्यूब असते, पॉवरचं काम ट्रान्झिस्टर किंवा चिप करते. व्हॉक्स एमव्ही५० मध्ये तर न्यूट्यूब आहे, कॉर्ग आणि नोरिताके या जपानी कंपन्यांनी केलेली चपटी, नव्या पद्धतीची ट्यूब. हे फसवे नाहीत, पण पॉवर ट्यूबचा ताण यांत मिळणार नाही. आणि यांच्याबरोबर स्पीकर येत नाही, कॅबिनेट वेगळं घ्यावं लागतं. तो खर्च मिळवला की 'स्वस्त' किती उरतं ते बघा.

रात्री १० नंतरच वाजवायला वेळ मिळत असेल, म्हणजे जवळपास कायम हेडफोनच, तर सरळ बॉस कटानासारखा डिजिटल ॲम्प घ्या. ५० वॅटच्या कटानालाही ०.५ वॅटचं सेटिंग आहे. हेडफोनमधून पॉवर ट्यूब आणि स्पीकरचा संबंध तसाही सुटतो.

अर्थिंग: हा भाग वगळू नका

गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट ॲम्पच्या चासीला जोडलेल्या असतात. चासी तिसऱ्या पिनने अर्थ होते. भाड्याच्या खोल्यांमध्ये सॉकेटला तीन भोकं असतात, पण आत अर्थची वायर जोडलेलीच नसते, हे नेहमी दिसतं. अशा वेळी ॲम्पमध्ये काही बिघाड झाला तर करंट तुमच्या बोटांखालच्या तारांत येतो, आणि दुसरा हात माइकला लागला तर छातीतून जातो. वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडे. पाच मिनिटांचं काम आहे. हम येतो म्हणून तिसरी पिन काढणं किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावणं, हे कुणीही सुचवलं तरी करू नका.

दुसरं, मागचं लेबल वाचा. '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' असं हवं. अमेरिकेतून दादा-ताई येताना आणतात तो ॲम्प १२० व्होल्टचा असू शकतो. तसाच लावला तर फ्यूज उडेल, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो.

तिसरं, स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प चालू करायचा नाही. ट्रान्झिस्टरचा ॲम्प हे सहसा सहन करतो, ट्यूबचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर करत नाही, आणि तो ॲम्पमधला सगळ्यात महागडा भाग आहे.

आणि झाकण उघडू नका. आत ३०० ते ४०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात.

वापरलेला घेताना

स्वतःची गिटार घेऊन जा आणि किमान अर्धा तास वाजवा. तापल्यावरच बिघाड बाहेर येतात. प्रीॲम्पच्या ट्यूबवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारा. थोडा आवाज येतो, पण घंटेसारखा घुमत राहिला तर ती ट्यूब गेली. पॉवर ट्यूबमधली तार नारिंगी दिसणं बरोबर आहे. बाहेरची धातूची प्लेट लाल झाली तर लगेच बंद करा. जळका वास ट्रान्सफॉर्मरचा असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी नमस्कार करून निघा.

रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात फिरताना व्हॉल्व्हचा रेडिओ दिसतो आणि 'याचाच गिटार ॲम्प करू' असं डोक्यात येतं. करू नका. त्या काळच्या काही रेडिओंमध्ये मेन ट्रान्सफॉर्मरच नसायचा, चासी थेट लाइनला जोडलेली असायची. त्याला गिटार जोडली तर तारांत घरचे २३० व्होल्ट येऊ शकतात.

ट्यूब बदलण्याचा खर्च

प्रीॲम्पची ट्यूब बरीच वर्षं जाते. पॉवर ट्यूब रोज वाजवणाऱ्याला दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. एकाच पॉवर ट्यूबच्या छोट्या ॲम्पमध्ये सहसा जुनी काढून नवी लावली की झालं. मोठ्या ॲम्पमध्ये बऱ्याचदा बायस सेट करावा लागतो, म्हणजे मेकॅनिक आला. आज गिटारच्या ट्यूब मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, आणि मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने जगभर त्यांचे भाव वर गेले होते. म्हणून ॲम्पच्या बजेटमध्येच एक १२एएक्स७ आणि एक पॉवर ट्यूब धरा. फ्यूज, सोल्डर, साधा मल्टिमीटर तपकीर गल्लीत मिळतो. दुरुस्तीसाठी गिटारवालाच शोधत बसू नका. पेठेत व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेला एखादा जुना मेकॅनिक मिळाला तर त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.