पिवळा धोत्रा

शास्त्रीय नाव आर्जेमोन मेक्सिकाना. कुल पॅपॅव्हरेसी, म्हणजे अफूचे. इतर नावे : काटेधोत्रा, बिलायत, हिंदीत सत्यानाशी. मूळस्थान मेक्सिको व लगतचा उष्ण प्रदेश. लिनीअसने १७५३ मध्ये नामकरण केले. रत्नागिरीकडे पाऊस सरल्यावर रस्त्याकडेच्या भरावावर, उकिरड्यालगत आणि वाळूसर पडीकात उगवणारे वर्षायू तण. गुरे तोंड लावीत नाहीत.

ओळख : उंची दोन-तीन फूट. पाने बिनदेठाची, खोडाला अर्धवट कवटाळणारी, निळसर हिरवी. शिरांवर पांढरे पट्टे, कडेच्या दातादातावर काटा. कळीच्या टोकाला तीन शिंगे. फूल पिवळे, पाकळ्या ४–६, मधला किंजल्क तांबडा. बोंड लांबट, काटेरी, टोकाशी उकलणारे. खोड मोडताच पिवळाधमक चीक येतो. पुढील चौघांपैकी एकातही तो नाही.

सारख्या दिसणाऱ्या वनस्पती : उंटकटारा सूर्यफुलाच्या कुलातला. त्याच्या पानांची खालची बाजू पांढरी लोकरी, फुलोरा चेंडूसारखा गोल. तो देशावर सर्रास, कोकणात त्या मानाने कमी. काटेरिंगणी जमिनीलगत पसरते. फूल जांभळे, कच्च्या फळावर हिरवे-पांढरे पट्टे. तालिमखाना ओलसर बांधाशी. काटे पानावर नसून पेरापेराशी, फुले निळी-जांभळी. मारांडीचे पान तेवढे फसवते, पण ती खाडीच्या चिखलात तिवरांच्या सोबतीने वाढते आणि निळी फुलते. खऱ्या धोत्र्याशी साम्य काटेरी फळापुरतेच.

बी : मोहरीएवढे, काळपट. भिंगाखाली मोहरी जवळजवळ गुळगुळीत दिसते. याच्या पृष्ठभागावर जाळीदार खळगे असतात आणि एका बाजूने बारीक धार जाते. मोहरीत हे बी मिसळले गेले की तेलात सँग्विनरीन हे विषारी अल्कलॉइड उतरते. त्याने केशवाहिन्या रुंदावून पाझरू लागतात, दोन्ही पाय सुजतात, धाप लागते, काहींना काचबिंदू होतो, हृदय निकामी होऊन मृत्यूही ओढवतो. या साथीच्या जलशोथाची पहिली नोंद कलकत्त्याची, १८७७ ची; १९९८ मध्ये दिल्लीत साठांहून अधिक माणसे दगावली. संशयित तेलात तीव्र नायट्रिक आम्ल घालून हलवल्यास आम्लाचा थर नारिंगी-तांबूस होतो, ही जुनी प्राथमिक चाचणी. कोकणच्या स्वयंपाकात मोहरीचे तेल रुळलेले नाही, त्यामुळे इथे हा प्रश्न एरवी पुस्तकी वाटतो. पण तेलाचे डबे बाहेरूनही येतात.

औषधी उपयोग : चीक त्वचारोगांवर लावण्याची प्रथा आहे. आयुर्वेदातील स्वर्णक्षीरी ती हीच, असे काही निघंटुकार मानतात. वनस्पती अमेरिकेतून आलेली असल्याने प्राचीन संहितांतील स्वर्णक्षीरी वेगळी असावी, असा दुसरा पक्ष. पोटात घेण्याचे घरगुती प्रयोग मात्र निश्चित टाळावेत.

निर्मूलन : बोंडे धरण्याआधी मुळासकट उपटणे. बी मातीत वर्षानुवर्षे टिकते.